मलम कातडीत किती शिरतं?

हळद शिजवायच्या आणि पॉलिशच्या दिवसांत सांगलीकडच्या बायांचे हात पिवळेधमक असतात. नुसत्या पाण्यानं तो रंग हलत नाही. आधी तेल चोळायचं, मग साबण. कारण हळदीतला रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. कातडीवर लावायच्या औषधांची सगळी गोष्ट या तेला-पाण्यातच आहे. आज ती सांगायचं कारण असं, की गटाच्या बैठकीत एखादी तरी ताई पिशवीतून ट्यूब काढते आणि विचारते, "ही लावू का?"

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, कागदाहून पातळ. पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मधल्या फटींत चरबी भरलेली. म्हणून पावसात भिजलो तरी पाणी आत झिरपत नाही. चरबीत विरघळणारी वस्तू मात्र वाट काढते.

हे माणसाला फार वाईट रीतीनं कळलं. जुलै 1917 मध्ये बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन फौजेनं मस्टर्ड गॅस सोडला. नाव मोहरीचं, पण मोहरीशी नातं फक्त वासापुरतं. हे विष चरबीत विरघळतं, त्यामुळे कपड्यातून आणि बुटाच्या चामड्यातूनही आत जाई. लागल्यावर लगेच काही होत नसे. काही तासांनी फोड येत, आणि काखेत, जांघेत, जिथं घाम जास्त तिथं सगळ्यात वाईट.

साताऱ्यात फौजेत गेलेला माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. आपशिंगे गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे. म्हणून हेही सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आणि युद्ध चालू असताना ब्रिटिश शास्त्रज्ञांनी रावळपिंडीत शेकडो हिंदी सैनिकांवर हा वायू वापरून पाहिला. हिंदी कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त इजा होते का, हे त्यांना बघायचं होतं. कित्येक जण भाजून दवाखान्यात पडले. ही हकिगत 2007 मध्ये वर्तमानपत्रात आली. मलमाच्या इतिहासातून हे पान गाळणं आम्हाला बरोबर वाटत नाही.

याच विषाचा एक भाऊबंद, नायट्रोजन मस्टर्ड, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात 1942 साली एका रुग्णाला शिरेतून दिला गेला. त्याला लिम्फोमा होता, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. गाठी आटल्या, पण पुन्हा आल्या आणि तो रुग्ण वाचला नाही. युद्धामुळे ही बातमी 1946 पर्यंत गुप्त होती.

काही लिम्फोमा कातडीतच घर करतात. त्यातला नेहमी आढळणारा पॅरिसच्या आलिबेर नावाच्या डॉक्टरांनी 1806 मध्ये पाहिला. गाठी अळंबीसारख्या दिसल्या म्हणून नाव पडलं मायकोसिस फंगॉइड्स. बुरशीशी त्याचा काही संबंध नाही, तरी नावात बुरशी बसली ती बसलीच. रोग कातडीत, तर औषध शिरेतून का द्यायचं? 1959 मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी तेच औषध पाण्यात कालवून चट्ट्यांवर लावलं आणि चट्टे विरले. पण पाण्यात ते लवकर नासतं. रोज ताजं कालवायचं, लगेच लावायचं, आणि बऱ्याच जणांना त्याची ॲलर्जी यायची. पुढे ते पाणी नसलेल्या तेलकट मलमात घातलं, तेव्हा टिकू लागलं आणि ॲलर्जीही कमी झाली. 2013 मध्ये अमेरिकेत त्याच्या जेलला मान्यता मिळाली. औषध तेच, पण कशात कालवलं यावर सगळं ठरलं.

कुठं लावलं यावरही ठरतं. 1967 मध्ये फेल्डमन आणि मायबाख या दोन डॉक्टरांनी एकच स्टेरॉइड औषध अंगावर वेगवेगळ्या जागी लावून मोजलं. हाताच्या पुढच्या भागात जेवढं शिरलं, त्याच्या सहापट कपाळात आणि तेरापट जबड्याच्या कडेला. तळपायात मात्र जेमतेम सातवा हिस्सा. टाचेला चालणारी ट्यूब तोंडाला चालत नाही ती यासाठी. गोरं दिसायला म्हणून स्टेरॉइडची ट्यूब चोळणाऱ्या पोरींची कातडी पातळ होते, लाल पडते, लव वाढते. 2018 मध्ये सरकारनं अशा बऱ्याच मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली.

कातडीचा लिम्फोमा तसा दुर्मीळ. पण तो वर्षानुवर्षं गजकर्ण किंवा इसब वाटू शकतो. आपल्या सावळ्या रंगावर फिकट चट्टे दिसतात, तेव्हा घरात कोडाची नाहीतर कुष्ठाची भीती शिरते. चट्टे बहुतेक कमरेखाली, मांडीवर, छातीवर, ऊन न लागणाऱ्या जागी असतात, म्हणजे बाई दाखवायला लाजते तिथंच. स्टेरॉइडच्या ट्यूबनं खाज थांबते, चट्टा थोडा विरतो आणि रोग झाकला जातो.

चट्टा काही महिने हटत नसेल तर मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा जवळच्या त्वचारोग तज्ज्ञांकडे जा. ते कातडीचा बारीक तुकडा काढून तपासतात. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या.