तोफेतला गोळा, कढीतला गोळा

वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा तो डोया, केळं ते केयं आणि गोळे ते गोये. तुरीची डाळ भिजवायची, जाडसर वाटायची, तिचे लिंबाएवढे गोळे वळून उकळत्या कढीत सोडायचे, की झाले कढीगोये. बुलढाणा जिल्ह्यात हे सणावाराचं पक्वान्न नाही. घरात भाजी नसली आणि ताक उरलं असलं की त्या संध्याकाळी हेच. मांसाहारी घरात त्याच चुलीवर, अशाच एखाद्या कामाच्या दिवशी, खिम्याच्या गोळ्यांचा पातळ रस्साही होतो. अर्ध्या किलो खिम्यात चार-पाच माणसं पोटभर जेवतात आणि मटणासारखं तासभर शिजण्याची वाट पाहावी लागत नाही. एक गोळा कढीतला, एक रश्शातला. दोघांची कुळं वेगळी, पण वळणारा हात एकच. मला त्या हाताबद्दल लिहायचं आहे.

आधी नावं. ‘गोळा’ हे आकाराचं नाव आहे. जे गोल ते गोळा, मग ते पिठाचं असो, लोखंडाचं असो की लोण्याचं. ‘कोफ्ता’ हे मात्र कामाचं नाव आहे. फारसीत ‘कोफ्तन’ म्हणजे कुटणं, ठेचणं, आणि कोफ्ता म्हणजे कुटलेलं. आपलं ‘कुटणे’ कानाला त्याच्या जवळचं वाटतं, पण ते संस्कृतातल्या ‘कुट्ट’वरून आलेलं, वेगळ्या घराचं. फारसी शब्द करणाऱ्याचे कष्ट लक्षात ठेवतो. काश्मीरमध्ये गुश्ताबा, म्हणजे मांसाचे गोळे, करणारे वाझे (आचारी) आजही दगडावर मांस ठेवून लाकडी मोगरीने ते चिकट होईपर्यंत कुटतात. कोफ्ता या शब्दाचा मूळ अर्थ तिथे अजून कानांनी ऐकता येतो. ‘खिमा’ आणखी दुरून आलेला. तुर्कीत ‘कीमा’ म्हणजे बारीक चिरलेलं, आणि तो शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे पोचला. शेरवा किंवा शोरबा तर सरळ फारसी: ‘शोर’ म्हणजे खारट, ‘बा’ म्हणजे पातळ कालवण.

सुपाचं मात्र थांबून सांगायला हवं. हॉटेलच्या यादीतलं सूप युरोपातून आलं, पण संस्कृतात ‘सूप’ म्हणजे शिजवलेली डाळ, आपलं वरण. त्यावरून स्वयंपाकी तो सूपकार आणि पाकविद्या ती सूपशास्त्र. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी मराठीतलं सुरुवातीचं छापील पाकपुस्तक काढलं, त्याचं नाव ‘सूपशास्त्र’च. दोन शब्दांचं साम्य कदाचित योगायोगाचं असेल. तरी आपल्याकडे सूप म्हटलं की मुळात डाळ होती, एवढं ध्यानात असू द्यावं. पुढे ते कामाला येणार आहे.

खिम्याच्या गोळ्यांचा जुना लेखी मुक्काम बगदादला सापडतो. मुहम्मद बिन हसन अल-बगदादी याने १२२६ साली ‘किताब अल-तबीख’ हे पाकपुस्तक लिहिलं. त्यातल्या एका पदार्थात खिम्याला ओल्या खजुराचा आकार देऊन आत बदाम घालायला सांगितलं आहे, बीच्या जागी. त्या काळच्या अरबी पाककृतींत गोळ्याचं माप सांगायला अनेकदा बुंदुकाची, म्हणजे हेझलनट या कवचाच्या फळाची, उपमा येते. हा ‘बुंदुक’ फार फिरला. अरबांबरोबर तो स्पेनमध्ये गेला आणि ‘अल्बोंदिगा’ झाला, म्हणजे खिम्याचा गोळा. आजही स्पॅनिश बोलणाऱ्या घरांत साध्या रात्रीच्या जेवणाला अल्बोंदिगांचं सूप होतं. तोच बुंदुक दुसऱ्या वाटेने गेला: फळाएवढी मातीची गोळी, मग शिशाची गोळी, मग ती उडवणारं हत्यार. आपली ‘बंदूक’ ती हीच. रश्शातला गोळा आणि बंदूक हे एकाच फळाचे वंशज आहेत, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी शब्दकोश मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. मराठीनेही कुणाला न विचारता तेच केलं. तोफेतलाही गोळा आणि कढीतलाही गोळा.

आणि हा विचार साखरखेर्ड्यात मनात आला की तो नुसता शब्दांचा राहत नाही. सिंदखेडराजा तालुक्यातल्या या गावाजवळ ऑक्टोबर १७२४ मध्ये दोन मोगली फौजा एकमेकींवर चालून आल्या. एकीकडे निजाम-उल-मुल्क मीर कमरुद्दीन, दुसरीकडे हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान, ज्याला दिल्लीच्या बादशहाची आतून फूस होती. मुबारिझखान पडला. निजामाने गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं. बादशहाने नाइलाजाने विजेत्याला आसफजाह हा किताब दिला आणि दख्खन व्यवहारात दिल्लीपासून सुटलं. हैदराबादचं आसफजाही राज्य १९४८ पर्यंत चाललं, त्याची पायाभरणी या काळ्या मातीत झाली. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली जाईपर्यंत निजामाकडे राहिलं.

म्हणून या लढाईने वऱ्हाडात कोफ्ता आणला असं कुणी म्हणालं तर ते ऐकायला गोड लागेल, पण मला पटणार नाही. साखरखेर्ड्यातली देखणी जुनी मशीद १५८१ ची, म्हणजे लढाईच्या आधी जवळजवळ दीडशे वर्षांची. त्याहीआधी बहामनी होते, अचलपूरचे इमादशाही होते. फारसी बोलणाऱ्यांच्या चुली इथे कितीतरी पिढ्या आधी पेटल्या होत्या. सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की मांडू येतं. तिथला सुलतान गियासशाह राज्यकारभार मुलावर सोपवून खाण्यापिण्याच्या शोधात रमला. त्याच्या पाककृतींचं सचित्र हस्तलिखित ‘निमतनामा’ १५०० च्या आगेमागे तयार झालं आणि त्यात कोफ्ते आहेत. पदार्थ फौजेबरोबर येतात असं आपण सहज म्हणतो. माझ्या मते ते खाटकाबरोबर, भटारखान्यातल्या पोऱ्याबरोबर आणि शेजारणीबरोबर येतात, आणि त्यांच्या तारखा कुणी लिहून ठेवत नाही.

अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने मात्र मापं लिहून ठेवली. ‘ऐन-इ-अकबरी’त कीमा शोरबा नावाचा पदार्थ आहे: १० शेर मांस, १ शेर तांदूळ, १ शेर तूप, अर्धा शेर हरभरा आणि मसाले. मला त्यातला अर्धा शेर हरभरा महत्त्वाचा वाटतो. मांस बारीक झालं, पाणी भरपूर झालं, की त्यांना धरून ठेवायला काहीतरी लागतं, आणि हिंदुस्थानात ते काम हरभऱ्याने केलं. इटलीत शिळा पाव, इराणात तांदूळ, आपल्याकडे डाळ. रेल्वे वसाहतींतल्या अँग्लो-इंडियन घरांत ‘बॉल करी’ झाली. तिचा पिवळा भात आणि नारळाचा रस वेगळा, पण गोळा खिम्याचाच. वऱ्हाडातल्या हाताला मात्र खिमा नवा असला तरी गोळा जुना होता. डाळ किती जाड वाटायची, पाणी किती कमी ठेवायचं, गोळा कोणत्या क्षणी सोडायचा, हे सगळं कढीने आधीच शिकवलं होतं. ‘सूप’ म्हणजे डाळ असलेल्या या मुलखात मांसाचा गोळाही डाळीच्या आधारानेच पाण्यात उतरला. लेखी पुरावा म्हणून नाही, दोन्ही गोळे वळलेल्या माणसाचं मत म्हणून हे मी सांगतो.

कारण दोन्हींची अडचण एकच आहे: कच्चा गोळा उकळत्या पातळात फुटू द्यायचा नाही. कढीत डाळीतली प्रथिनं आणि पिठूळपणा उष्णतेने आवळतात आणि गोळा धरतो. खिम्यात ते काम मीठ करतं. मीठ घालून खिमा चार-पाच मिनिटं मळला की मांसातलं एक प्रथिन सुटून वर येतं आणि खिमा बोटांना चिकटू लागतो. ती चिकटण लागेपर्यंत मळायचं. कोफ्तन, म्हणजे कुटणं, त्या चिकटणीसाठीच होतं. रश्शात पडला की तोच चिकटपणा घट्ट होऊन गोळा बांधतो.

अर्धा किलो खिमा दोनदा बारीक करून घ्यावा, आणि खाटकाला थोडी चरबी राहू द्यायला सांगावं. अगदी कोरड्या खिम्याचे गोळे रबरासारखे होतात. एक कांदा किसून, घट्ट पिळून, त्यात घालायचा. पिळलेलं पाणी रश्शाला. आलं-लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची, सपाट चमचाभर मीठ आणि दोन मोठे चमचे फुटाण्याच्या डाळीचं पीठ. डाळ भाजलेली असल्याने कच्ची चव येत नाही आणि ती सुटणारं पाणी पिऊन घेते. बेसन घातलं तर जरा भाजून घालावं. गोळे सुपारीएवढे. लिंबाएवढे दिसायला छान, पण आत शिजायला वेळ लागतो आणि शाळेतून दमून आलेली मुलं थांबत नाहीत.

रस्सा साधा. तेलात जिरं, ठेचलेला लसूण, कांदा, हळद, थोडं तिखट, एक बटाटा आणि दोन टोमॅटो बारीक चिरून, सहा वाट्या गरम पाणी. घरातल्या काळ्या मसाल्याचा अर्धा चमचा पुरे. वऱ्हाडी तर्रीचा मोह आज नको, कारण हा रस्सा वाटीने प्यायचा आहे. चांगली उकळी आली की एकच गोळा सोडायचा. कढीगोयांचा हा पहिला नियम इथे जसाच्या तसा लागू आहे. तो फुटला नाही तर बाकीचे एकेक करून सोडायचे. विरघळू लागला तर खिम्यात आणखी चमचाभर पीठ घालून मळायचं. सगळे सोडून झाले की आच मंद करायची आणि पाच मिनिटं पळी आत घालायची नाही, पातेलं धरून नुसतं हलवायचं. गोळे वर तरंगायला लागले की पुढे दहा-बारा मिनिटं.

ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबाची फोड. रस्सा उरला तर रात्रभरात गोळे त्यातलं पाणी पितात आणि सकाळी पातेल्यात दाट कालवण दिसतं. तेव्हा त्यात वाटीभर उकळतं पाणी घालून एक कढ आणायचा, आणि रात्रीची भाकरी त्यातच चुरायची.