नारू आणि बारवेची पायरी

नारूचा सरकारी इतिहास दोन ओळींत संपतो. राष्ट्रीय मोहीम १९८३-८४ साली सुरू झाली. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. २००० साली देश नारूमुक्त ठरला. झालं ते चांगलंच झालं. पण मराठवाड्यात हा किडा कुणाच्या पायातून निघत होता आणि तिथवर कुठल्या पाण्यानं पोचत होता, हे त्या ओळींत नाही.

नारूची मादी दीड-दोन हात लांब, दोऱ्यासारखी. कातडीखालून सरकत येते, बहुतेक गुडघ्याखाली फोड आणते. फोड असा पेटतो की माणूस पाय पाण्यात घालतो. तिथंच ती पिल्लं सोडते. सायक्लोप्स नावाचा पाण्यातला बारका जीव ती गिळतो. ते पाणी माणूस पितो आणि वर्षभरानं पुन्हा फोड. हे कोडं फेदचेंको या रशियन संशोधकानं १८७० च्या सुमारास उलगडलं. १९३०-४० च्या काळात लिंडबर्ग या स्वीडिश डॉक्टरनं आपल्या दख्खनच्या नारूचा अभ्यास केला. पण गावात कोण सांगणार? पाणी प्यायला वर्ष लोटलेलं, मग देवीचा कोप म्हणायचं. औषध तेव्हा नव्हतं, आजही नाही. किडा काडीला गुंडाळायचा, रोज बोट-दोन बोट. मधेच तुटला तर पाय पुवानं भरायचा. मजुरी बुडायची ती वेगळीच.

जाणकार म्हणतात, दोष पायऱ्यांच्या विहिरींचा. लोक अडाणी, पाय बुडवतात. पण पायऱ्या उतरायची मुभा कुणाला होती? बीडकडच्या बारवांत आपल्या आज्या-पणज्यांना पाऊल टाकता येत नव्हतं. त्या काठावर रिकामी घागर घेऊन उभ्या, ‘पाणी वाढा माय’ म्हणत. वरून ओतलं ते घ्यायचं. म्हणजे विटाळ आमचा, पाय त्यांचा! महाडला २० मार्च १९२७ नंतर चवदार तळं शेण-गोमूत्रानं ‘शुद्ध’ केलं, त्यानं एक तरी सायक्लोप्स मेला असेल का?

पण नारू सवर्णांनीच दिला, असं सरसकट लिहू नका. जिथं वाढणारं कुणी नव्हतं तिथं आपली माणसं ओढ्याच्या डबक्यावर गेली. तिथं आपलेच पाय बुडाले, आपणच प्यालो. दुसरं पाणी होतंच कुठं?

मोहिमेच्या सुरुवातीला सात राज्यांत १२,८४० गावं आणि सुमारे ४०,००० रोगी मोजले. माप गावाचं. आपल्याकडं गाव म्हणजे एक पाणी कधीच नव्हतं.

पायऱ्या बुजवल्या, पाण्यात औषध टाकलं, फडक्यानं गाळायला शिकवलं. पण मला मोठा वाटतो तो हापसा. १९६० च्या दशकात जालन्याच्या मिशनमध्ये टिकाऊ हातपंप घडला, सोलापुरात तो सुधारला, आणि त्यातूनच १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ निघाला. पाणी झाकलेलं. पाय बुडवायला जागा नाही, वाढणाऱ्या हाताची गरज नाही. पण बोअरची गाडी गावात आली तेव्हा थांबली कुठं? पारासमोर, पाटलाच्या वाड्याजवळ, की वस्तीत?

हे आपल्याला अजून विचारता येतं. सत्तरीतल्या म्हाताऱ्या घोट्यावरचा व्रण दाखवतात. त्यांना साल विचारू नका, साल सांगता येणार नाही. पाणी विचारा. कुठलं होतं, कुणी ओतलं, हापसा आला तो कुणाच्या दारात. सांगतील तसंच, त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या.