एक भोक की दोन?

गोळी सुटून गेल्यावर मागे उरलेली पितळी पुंगळी हाती लागली, तर ती उजेडाकडे धरून आत डोकवावं. तळाशी मधोमध एकच भोक दिसलं, तर ती पुंगळी पुन्हा भरता येते. दोन बारीक भोकं शेजारी-शेजारी दिसली, तर ती बहुधा भट्टीतच जाणार. भोकच नसेल तर ती .22 ची, एका बाराची सोबतीण. अमेरिकेत सराव संपला की नेमबाज वाकून पुंगळ्या वेचतात, कारण त्या घरी नेऊन भरायच्या असतात. हिंगोलीच्या राज्य राखीव पोलीस बल गट क्र. 12 सारख्या गटांतले जवानही सरावानंतर पुंगळ्या वेचतात, पण त्या मोजून शस्त्रागारात जमा करायच्या असतात. वाकणं तेच, कारण निराळं. ही दोन कारणं कुठे वेगळी झाली याचा माग काढताना मी त्या भोकांपाशी येऊन थांबलो, आणि आता मला सगळी कुळकथा तिथूनच दिसते.

फार जुन्या काळात वेचायला काही उरतच नव्हतं. ठासणीच्या बंदुकीत दारू, गोळी आणि टोपी वेगवेगळी जायची. पुढे दारू आणि गोळी कागदात गुंडाळून आली. 1857 च्या चरबीच्या काडतुसांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, ती काडतुसं कागदाचीच. दाताने फाडायची, ठासायची, उडवायची. म्हणून पुंगळ्या वेचण्याची रीत कितीही मागे नेली, तरी धातूच्या काडतुसापलीकडे जात नाही.

तळाच्या मधोमध टोपी बसवलेलं, आजच्या ओळखीचं धातूचं काडतूस 1866 च्या सुमारास रूढ होऊ लागलं, आणि ते एकाच वेळी दोन वाटांनी आलं. इंग्लंडमध्ये वूलविचच्या शाही प्रयोगशाळेचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांनी स्नायडर बंदुकीसाठी काडतूस बनवलं. अमेरिकेत यादवी युद्धातल्या नेमबाज पलटणीचे कर्नल हायरम बर्डन यांनी आपलं बनवलं. दोघांपुढे अडचण एकच होती. बंदुकीचा घोडा टोपीवर आदळला की टोपीतला मसाला कशावर तरी चेचला गेला पाहिजे, म्हणजे आत ऐरण हवी. बॉक्सरने ती इवलीशी ऐरण टोपीतच बसवली आणि पुंगळीच्या तळाला मधोमध एक भोक ठेवलं. बर्डनने ऐरण पुंगळीच्या तळातूनच उठवली. मध्यभाग ऐरणीने अडवल्यामुळे ठिणगी आत जायला बाजूंनी दोन भोकं पाडावी लागली.

आता पुंगळी पुन्हा भरायची म्हणजे आधी वापरलेली टोपी काढायला हवी. बॉक्सरच्या पुंगळीत वरून सुई घातली की ती भोकातून टोपीला भिडते आणि टोपी खाली पडते. बर्डनच्या पुंगळीत तीच सुई ऐरणीवर आपटते. तिथली टोपी बाहेरून आकड्याने उचकटावी लागते, नाहीतर पाण्याच्या दाबाने उडवावी लागते. कामाला वेळ लागतो आणि पुंगळीही बिघडते.

खरी गंमत यापुढे आहे. इंग्रज बॉक्सरची टोपी अमेरिकेने उचलली आणि तिथला नागरी बाजार आजही तिच्यावर चालतो. अमेरिकन बर्डनची रचना युरोपने घेतली, रशियाने घेतली आणि .303 रायफलीच्या काळात इंग्रज सरकारनेही घेतली. तिथून ती आपल्याकडे आली. पुण्याजवळ खडकीला 1869 मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. त्याच्या .303 पुंगळ्यांच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही रोमन अक्षरं, म्हणजे किर्की फॅक्टरी, आणि आत दोन भोकं. एका अमेरिकन माणसाची कल्पना खडकीत नांदली आणि एका इंग्रजाची अमेरिकेत घरोघरी पोचली. अमेरिकेतला माणूस पुंगळी का वेचतो आणि आपल्याकडे ती वेचून भरण्याचा छंद का रुजला नाही, याचं निम्मं उत्तर या अदलाबदलीत आहे.

इंग्रजांनी दोन भोकं का पत्करली? हिंदुस्थानात कोणाला पुंगळी परत भरता येऊ नये म्हणूनच, असं म्हणण्याचा मोह होतो. मी तो आवरतो. ज्यांनी हिंदुस्थान कधी पाहिला नाही अशा फौजांनीही तीच रचना घेतली होती. ऐरण पुंगळीतच असली की टोपी साधी आणि स्वस्त होते, आणि लाखांनी माल काढणाऱ्या कारखान्याला एवढं कारण पुरतं. दोन भोकांमागे काटकसर होती. मोजणीमागे मात्र काटकसर होती असं मला वाटत नाही.

काटकसरीचा पक्ष दुबळा नाही. काडतुसाचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त, ते फेकून कोण देईल? अमेरिकी सैन्याने 1880 च्या दशकात आपल्या ठाण्यांवर .45-70 च्या पुंगळ्या परत भरवल्या, सरावासाठी. म्हणजे पुंगळी परत मागणं हे हिशेबी फौजेचं लक्षण ठरतं. पितळाचा मोह आजही जीवघेणा आहे. तोफांच्या सराव क्षेत्रात भंगार वेचायला गेलेली माणसं न फुटलेल्या गोळ्याने दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्राने वाचल्या आहेत.

पण पितळाला आपल्या हवेत एक रोगही जडला. पावसाळ्यात इंग्रज फौजेची काडतुसं घोड्यांच्या तबेल्यांत साठवली जायची आणि कोरडे दिवस येईपर्यंत पुंगळ्यांना चिरा पडलेल्या असायच्या. ऋतूवरून या रोगाला इंग्रजीत नावही पडलं. कारण 1921 मध्ये सिद्ध झालं. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि पुंगळी ओढून घडवताना पितळात राहिलेला ताण, या दोहोंनी मिळून तडा जात होता. शेकून तो ताण उतरवला की पुंगळी टिकते, आणि छंदी माणसं आजही पुंगळीची मान शेकतात ती याच तत्त्वावर. हिंगोली ही निजामाच्या मुलखातली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी. 1903 मध्ये ती फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. कंटिंजंटमध्ये घोडदळ होतं आणि मराठवाड्याला पावसाळा होताच. हा रोग तिथल्या कोठारांना चुकला असेल, असं मी मानत नाही. आणि तडकलेली पुंगळी परत भरण्याच्या कामाची नाही, म्हणजे काटकसरीचा हिशेब इथल्या हवेत तितकासा जमत नव्हता.

दुसरा पक्ष सांगतो की पुंगळी ही पावती आहे. शंभर राउंड दिले, शंभर पुंगळ्या परत आल्या, म्हणजे गोळ्या खरंच झाडल्या, विकल्या नाहीत. हा पक्ष मला सर्वांत जड जातो, कारण एन.सी.सी.च्या सरावात .22 च्या पुंगळ्याही मोजून घेतात. त्या कोणालाच सहजी भरता येत नाहीत, कारण त्यांचा मसाला काठाच्या घडीत भरलेला असतो. इथे काटकसरीचा पक्ष गळतो आणि पावतीचा उभा राहतो.

तरीही पावती मागायची वेळ कोणी आणली, हे विचारायला हवं. माझं उत्तर वायव्य सरहद्द. स्नायडर आणि तिच्यानंतर 1871 मध्ये आलेली मार्टिनी-हेन्री, दोघींची काडतुसं बॉक्सरची, एका भोकाची. पठाण चकमकीनंतर पडलेल्या पुंगळ्या वेचत, भरत आणि त्याच फौजेवर झाडत. तिथल्या दर्रा आदमखेलचे कारागीर तर अख्खी बंदूक घडवत. रिकामी पुंगळी ही शत्रूची रसद ठरू शकते, हे सरकार तिथे शिकलं. त्यातच 1857 नंतर हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी जुनं हत्यार देण्याचं धोरण होतं आणि 1878 च्या शस्त्र कायद्याने रयतेच्या हातून हत्यारं काढली होती. अशा राज्याने पुंगळीची पावती मागितली, ती पितळाच्या भावासाठी मागितली असेल का?

माझा सर्वांत पक्का साक्षीदार .410 ची पोलिसी मस्केट. ईशापूरच्या कारखान्यात .303 रायफलीची नळी आतून गुळगुळीत करून ही पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी बनवली. तिचं काडतूस म्हणजे .303 चीच पुंगळी, फक्त मान आवळलेली नाही. त्यामुळे ते सैन्याच्या रायफलीत जात नाही. कारखान्याने मुद्दाम एक घडण सोडून दिली, कारण पोलिसाच्या पट्ट्यातून चोरीला गेलेलं काडतूस रायफलीच्या कामी येऊ नये. पुंगळीच्या आकारातच जिथे अविश्वास घडवला गेला, तिथे मोजणीही त्याच अविश्वासाची धाकटी बहीण होती असं म्हणायला मी कचरत नाही. स्वतंत्र भारताच्या 1959 च्या शस्त्र अधिनियमानेही दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग धरले आणि दारूगोळा बनवायला परवाना लावला. म्हणून इथे एका भोकाची पुंगळी सापडली, तरी ती खिशात घालून घरी नेण्याची वस्तू नव्हे.