गरोदर बाईची एचआयव्ही चाचणी: आकडा कोणाला, उत्तर कोणाला?

सानगडीत इतिहास म्हटला की आपण किल्ल्याकडे बोट दाखवतो. मी आज जो इतिहास सांगणार आहे तो जेमतेम चाळीस वर्षांचा आहे. गावातली बाई गरोदर राहिली की तिचं हिमोग्लोबिन पाहतात, तशी एचआयव्हीचीही तपासणी करतात. आता त्यात कोणाला विशेष वाटत नाही. पण ही तपासणी नेमकी कोणासाठी, हे ठरायला बराच काळ जावा लागला.

भारतात हा संसर्ग पहिल्यांदा 1986 साली मद्रासमध्ये आढळला. 1992 मध्ये ‘नाको’ ही राष्ट्रीय संघटना उभी राहिली. साथ किती पसरली हे समजावं म्हणून 1998 पासून देशभरातल्या ठरावीक दवाखान्यांत दरवर्षी पाहणी होऊ लागली. गरोदर बायकांचं दुसऱ्या तपासणीसाठी घेतलेलं रक्त उरायचं, त्यावरचं नाव काढून टाकायचं आणि एचआयव्हीसाठी तपासायचं. म्हणजे काय झालं बघा! सरकारला आकडा कळला, पण जिचं रक्त तिला उत्तर मिळालं नाही. हेतू वाईट नव्हता. नाव फुटलं असतं तर बाईची बदनामी झाली असती. पण कांट म्हणतो की माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये. बाळाला वाचवणारं औषध हाती आल्यावर हा प्रश्न टाळता येईना.

औषधाचा पुरावा 1994 मध्ये मिळाला होता. झिडोव्हुडिन दिल्यावर बाळाला लागण होण्याचं प्रमाण शेकडा पंचविसांवरून आठांवर आलं. पण ते महाग आणि लांबलचक. 1999 मध्ये युगांडातून सोपा मार्ग आला: कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापिनची एक गोळी, आणि बाळाला तीन दिवसांच्या आत एक मात्रा. भारतात 2002 पासून हा कार्यक्रम सुरू झाला.

आता अडचण कुठली? आपल्या रीतीची. सानगडीची लेक लाखांदूरकडे दिली, तिथं नाव नोंदलं, आणि पहिलं बाळंतपण माहेरी. कागद सासरी, बाई इकडे, आणि कळा रात्री दोन वाजता. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत 2006 मध्ये हेच दिसलं. तिथं प्रसूतिकक्षात चोवीस तास, हिरडीवरून पट्टी फिरवून झटपट चाचणी ठेवली. 1,222 जणींनी ती मान्य केली. त्यातल्या 1,003 जणींकडे आधीच्या चाचणीचा पुरता अहवालच नव्हता! विचारलं तर बायका नाही म्हणत नाहीत. त्यांना वेळेवर विचारलं जात नाही, हा त्यातला धडा.

दुसरी गोष्ट, लागण नवी असेल तर पहिले काही आठवडे चाचणीत ती दिसत नाही. नेमका त्याच काळात विषाणू रक्तात फार वाढतो आणि बाळाचा धोकाही वाढतो. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात ‘निगेटिव्ह’ आलं म्हणून विषय संपला असं नाही. धोका असेल तिथं पुन्हा तपासायला हवं, आणि नवऱ्यालाही.

इथं मला थोडं थांबायचंय. घरात पहिली चाचणी बाईची होते, कारण गरोदर ती असते. मग आजार तिनंच आणला, असं घर ठरवून टाकतं. ज्याला आधी कळलं तोच दोषी, हा कुठला तर्क? तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ही चूक दाखवील. पण या चुकीपायी बाईला घराबाहेर काढलं जातं.

2014 पासून बाधित गरोदर बाईला आयुष्यभराचे उपचार मिळू लागले, नुसती बाळापुरती गोळी नाही. म्हणजे ती बाळाचं साधन न राहता स्वतः रुग्ण झाली. 2017 च्या कायद्यानं संमती आणि गुप्तता हे तिचे हक्क झाले. आज वेळेवर उपचार मिळाले तर बाळाचा धोका शेकडा पाचांच्याही खाली येतो.

कायदा दिल्लीत झाला. गुप्तता मात्र इथल्या ओसरीवर पाळायची आहे. आणि पुरुष मंडळींना एवढंच सांगतो: बायकोला तपासणीला नेता तेव्हा बाहेर चहा पीत बसू नका. आपलाही हात पुढे करा.