कुंड्यांतील तण व त्याचा बंदोबस्त (वरळी कोळीवाडा)

तण (संस्कृत ‘तृण’, प्राकृत ‘तण’) : लागवड करणाऱ्याने न लावलेली, आणि त्याने लावलेल्या रोपाच्या वाट्याचे पाणी, खत, ऊन व जागा यांवर आपला हक्क बसवणारी वनस्पती, असा या शब्दाचा बागकामातील अर्थ आहे. शेतात उगवते ते तण आणि कुंडीत उगवते ते तण यांत जातीचा भेद फारसा नाही. भेद आहे तो वहिवाटीचा. शेतजमीन ही तणाची वडिलोपार्जित मिळकत असते. तिच्या थराथरांत मागल्या कित्येक हंगामांचे बी निद्रिस्त पडलेले असते आणि प्रत्येक नांगरटीबरोबर त्यातले काही वर येऊन रुजते. कुंडीतली पाटीभर माती मात्र कोठून तरी आणून भरलेली असते, आणि म्हणून तिच्यात जे जे आगंतुक उगवते ते मातीबरोबर, शेणखताबरोबर, रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाच्या मुळांभोवतीच्या गोळ्याबरोबर, नाहीतर वाऱ्या-पाखरांमार्फत बाहेरूनच आलेले असते. ही एक गोष्ट ध्यानात धरली म्हणजे कुंडीतल्या तणाचा खरा बंदोबस्त खुरप्याने नव्हे, तर उंबरठ्यावरच्या जकातीने होतो हे सहज पटते.

वरळी कोळीवाड्यात ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसते. वरळी हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या हॉर्नबी व्हेलार्डच्या बांधाने ते मुंबईच्या बेटाशी जोडले गेले. या बेटाच्या उत्तर टोकावर, माहीमच्या उपसागराच्या मुखाशी, किल्ल्याच्या आणि गोल्फादेवीच्या देवळाच्या आसऱ्याने हा कोळीवाडा वसला आहे. तीन बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूने शहर अशा या चिंचोळ्या भूशिरावर घरे एकमेकांना खेटून उभी राहिली, गल्ल्या माणसाच्या खांद्याएवढ्या अरुंद झाल्या आणि परस म्हणावा असा मोकळा तुकडा जवळजवळ उरला नाही. साहजिकच बाग ओट्यावर, जिन्याच्या पायऱ्यांवर आणि गच्चीवर चढली. मातीच्या कुंड्यांच्या जोडीला रंगाचे व तेलाचे रिकामे डबे, फुटका हंडा, मधोमध कापलेले पिंप, मासळीसाठी बर्फ भरून वापरलेली थर्माकोलची पेटी, असे ज्याच्या घरी जे भांडे निकामी झाले तेच त्याचे शेत झाले. तुळस, मिरची, कढीपत्ता, पानओवा, अबोली, मोगरा हे तिथले नेहमीचे पीक. या शेताची लाल माती गोण्यांतून येते, शेणखत बव्हंशी उपनगरांतल्या तबेल्यांतून येते, आणि या दोहोंबरोबर त्यांच्या मुलखातले तणही न सांगता येऊन दाखल होते.

मुंबईत वर्षाला सरासरी २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. हेच चार महिने तणाच्या भरभराटीचे. त्यांच्या पूर्वार्धात समुद्र खवळल्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, जाळ्यांची डागडुजी चाललेली असते, एरवी पहाटे धक्क्यावर आणि दिवसभर बाजारात असणारी माणसे घरी सापडतात. कोकणातल्या भातशेतीत ज्याला बेणणी म्हणतात ते काम कोळीवाड्याच्या ओट्यावर करायला हाच काळ सोयीचा.

या कुंड्यांत नेहमी आढळणारी तणे ओळखून ठेवणे अगत्याचे आहे, कारण प्रत्येकाची जगण्याची युक्ती वेगळी आणि म्हणून प्रत्येकाला काढण्याची रीतही वेगळी. यांत सर्वांत चिवट लव्हाळा. जगातील अत्यंत उपद्रवी तणांच्या यादीत वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला पहिले स्थान दिले आहे. त्याची हिरवी पात वर दिसते, परंतु खरा संसार खाली, एकमेकींना तंतूंनी जोडलेल्या काळसर सुगंधी गाठींचा असतो. पात उपटली की तंतू तुटतो, गाठ मातीत राहते आणि थोड्याच दिवसांत नवी पात वर येते. किंबहुना उपटण्याने साखळी तुटून निजलेल्या गाठी जाग्या होतात. शेतात या गाठी वेचणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. कुंडीत मात्र ते साध्य आहे. रोप अलगद बाजूला काढावे, सगळी माती कागदावर ओतून चाळणीने चाळावी, गाठी वेचून वैशाखाच्या उन्हात आठ-दहा दिवस कडक वाळवाव्यात आणि मगच टाकाव्यात. एका तासाचे हे काम आहे; ज्याने ते एकदा मनापासून केले त्याची कुंडी लव्हाळ्यातून सुटते.

हरळी जमिनीवरून आणि जमिनीखालून दोन्हीकडून धावते व प्रत्येक पेरावर मूळ धरते; कुंडीच्या कडेला तिचे एक पेर राहिले तरी ती पुन्हा सुरुवात करते, म्हणून तिलाही मातीसकट काढण्यावाचून गत्यंतर नाही. आंबुशीची गोष्ट निराळी. तिची तीन हृदयाकृती पाने व इवलीशी पिवळी फुले पाहून कोणासही तिच्याविषयी ममता वाटावी, परंतु तिच्या उभ्या शेंगा पिकल्या की स्पर्शासरशी फुटतात आणि बी हातभर लांब, शेजारच्या कुंडीत जाऊन पडते. एका कुंडीतली आंबुशी महिन्याभरात ओट्यावरच्या साऱ्या कुंड्यांत पसरते ती यामुळे. फूल दिसताच तिला काढले पाहिजे, शेंगेची वाट पाहता कामा नये. केना हा दिसायला निळ्या फुलांचा सौम्य वेल, पण त्याच्या जमिनीखालच्या फांद्यांवर कधीही न उमलणारी फुले येतात आणि त्यांतून मातीच्या पोटातच बी तयार होते; निसर्गाच्या या गुप्त तजविजीची कल्पना नसलेला माणूस वरचा वेल काढून समाधान मानतो आणि पुढल्या पावसात बुचकळ्यात पडतो. घोळ उपटून तिथेच टाकली तर तिच्या मांसल देठांतल्या पाण्यावर ती तग धरते आणि पुन्हा मुळे सोडते. भुईआवळी व दुधी ही मात्र बीजावर जगणारी साधी वर्षायू तणे आहेत. ओल्या मातीतून ती मुळासकट सहज येतात. सावलीतल्या, सदा ओल्या कुंड्यांत चकचकीत पानांचा पेपरोमिया आणि मसुरीएवढ्या पानांची पायलिया माजते. या दोन्ही मूळच्या उष्ण अमेरिकेतल्या आणि रोपवाटिकांच्या कुंड्यांतून घरोघर पोचलेल्या आहेत. घाटमाथ्यावरच्या मातीबरोबर कधी गाजर गवतही येते. १९५० नंतरच्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे तण आता देशभर पसरले आहे, त्याच्या स्पर्शाने व परागाने अनेकांना त्वचेचा व श्वासाचा त्रास होतो, म्हणून ते फुलण्यापूर्वी, हाताला पिशवी गुंडाळून काढावे.

प्रतिबंधाचे उपाय मातीपासून सुरू होतात. शेणखत पुरते कुजलेले, काळे, गंधहीन झालेले असेल तरच घ्यावे, कारण गुरांच्या पोटातून तणाचे पुष्कळसे बी जिवंत बाहेर पडते. ढिगाच्या पोटातली उष्णता काही दिवस ५५ अंश सेल्सियसच्या वर राहिली तरच त्यातले बहुतेक मरते. नव्या मातीसाठी सर्वांत भरवशाचा उपाय उन्हाचा आहे. माती ओली करावी, पातळ पसरावी, पारदर्शक प्लॅस्टिकने घट्ट झाकावी आणि एप्रिल-मे महिन्यांतले चार ते सहा आठवडे गच्चीवर तशीच राहू द्यावी. इस्राएलमधील याकोव कातान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली मातीतील रोगांविरुद्ध ही रीत शास्त्रोक्तपणे मांडली. तणाच्या बियांवरही ती गुण देते. प्लॅस्टिक काळे नव्हे, पारदर्शक हवे, आणि माती कोरडी नव्हे, ओली हवी, या दोन गोष्टी चुकल्या की सारे श्रम वाया जातात. ज्याला गच्ची नाही त्याने निदान इतके करावे : कुंडी भरून, पाणी घालून दोन आठवडे रिकामी ठेवावी, उगवेल ते उगवू द्यावे, वरचेवर काढावे आणि मगच रोप लावावे.

रोप लागल्यावर मातीचा पृष्ठभाग उघडा ठेवू नये. नारळाची सोडणे किंवा त्यांचा काथ्या दोन-तीन बोटे जाड पसरला की बियांना प्रकाश मिळत नाही आणि मार्च-एप्रिलच्या खाऱ्या, शोषक वाऱ्यात ओलही टिकते. किनाऱ्यावर शिंपल्यांची उणीव नाही, पण ते पसरायचे तर गोड्या पाण्याने अनेकदा धुऊन घ्यावे, कारण त्यांवरचे मीठ मुळांना बाधते. शिवाय त्यांतला चुना मोगऱ्यासारख्या झाडांना मानवत नाही. मासळी धुतलेले पाणी कुंड्यांना घालण्याची चाल चांगली आहे, त्यात नत्र असते. मात्र ते तणालाही तितकेच पोसते, आणि खारवलेल्या मासळीचे पाणी तर कधीही घालू नये.

याच कारणासाठी तणावर मीठ किंवा समुद्राचे पाणी टाकण्याचा जो उपाय कोणी सुचवतात त्याचा स्पष्ट निषेध करणे आवश्यक आहे. मिठाने तण मरते हे खरे, पण सोडियमने मातीचे कण विस्कटतात, निचरा बंद होतो आणि ती कुंडी पुढे कोणत्याच रोपाच्या उपयोगाची राहत नाही. ग्लायफोसेटसारखी तणनाशके मोकळ्या, मोठ्या क्षेत्रासाठी आहेत. वीतभर अंतरावर मिरची, हातभर अंतरावर शेजाऱ्याचे दार आणि अंगणात पोरे, अशा ठिकाणी त्यांचा विचारही करू नये. पाऊस पडून गेल्यावर, माती ओली असताना, आठवड्यातून एकदा दहा मिनिटे बोटांनी वेचणे याहून कुंडीला दुसरे तणनाशक नको. ‘तण खाई धन’ ही शेतकऱ्याची म्हण बारा इंची कुंडीला शेताहून अधिक लागू पडते, कारण तिथे मुळांना पळून जायला जागाच नसते.

असे असले, तरी तण म्हणून जे जे काढायचे ते ते त्याज्य मानणे चूक ठरेल. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ लागते, भाद्रपदात गणपतीला दूर्वांच्या जुड्या लागतात, आणि दूर्वा म्हणजे तीच हरळी, तिचे कोवळे तीन दलांचे शेंडे. दादरच्या फूलबाजारात पैसे मोजून जी जुडी विकत घ्यावी लागते ती घरच्या घरी एका वेगळ्या, खोल डब्यात कडा राखून वाढवता येते. इतर कुंड्यांतून हरळीचे उच्चाटन करावे आणि या एका डब्यात तिला सन्मानाने नांदू द्यावे, हीच व्यवस्था या लेखकाला इष्ट वाटते. तिचे धावते पेर डब्याबाहेर लोंबू लागताच कापावे. तुळशीची मंजिरी वाळून शेजारच्या कुंड्यांत जी रोपे उगवतात त्यांना कोणी तण म्हणत नाही. ती वाटीभर मातीसकट शेजारणीला दिली जातात. घोळ, केना, माठ यांची भाजी होते, मात्र रस्त्याच्या धुराखालच्या किंवा कोणते खत पडले हे ठाऊक नसलेल्या कुंडीतली खाऊ नये.

काढलेल्या तणाची विल्हेवाट हाही या विषयाचा भाग आहे. श्रीपाद अच्युत दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवार’ या शेतीप्रयोग करणाऱ्यांच्या गटाने कोणताही हिरवा पाला मातीत परतवण्याचा आग्रह धरला, आणि त्याच विचारावर मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर या शतकाच्या आरंभी बाग उभी राहिली. कोळीवाड्यातही बी न धरलेले तण वाळवून कुंडीवर पसरावे. बी धरलेले व गाठींचे तण झाकणाच्या डब्यात पाण्याखाली महिनाभर कुजवावे आणि ते पाणी दसपट पातळ करून खत म्हणून घालावे. डब्याचे झाकण घट्ट हवे. कुंडीखालच्या बशीतले पाणीही दर आठवड्यास ओतून टाकावे, नाहीतर डेंग्यूचा डास तेथे अंडी घालतो.

सर्वांत शेवटी, पण सर्वांत आधी काढण्याजोगा, पिंपळ. कावळे-साळुंक्यांच्या विष्ठेतून त्याचे बी पडते आणि तुळशीच्या वृंदावनातच तो हमखास उगवतो. त्यावर मुंजाचा वास मानला गेल्यामुळे आणि वृक्ष म्हणून तो पूज्य असल्यामुळे घरातली वडीलधारी माणसे त्याला हात लावण्यास कचरतात, आणि तोवर त्याचे मूळ कुंडीच्या तळाच्या भोकातून निघून ओट्याच्या भेगेत शिरलेले असते; मग कुंडी फोडली तरी भिंत वाचत नाही. त्याचा मान राखून त्याला हलवण्याचा काळ दोन-चार पानांचा असतानाचा आहे. आदल्या रात्री भरपूर पाणी घालावे, सकाळी मुळासकट मातीचा गोळा उचलावा आणि जिथे इमारत नाही अशा मोकळ्या जागेत, देवळाच्या आवारात किंवा एखाद्या मैदानाच्या कडेला, पहिला पाऊस पडल्यावर लावावा.