पुरातत्त्व परिषदांतील नीतिवाद

उत्खनन, संग्रह आणि भूतकाळाची मांडणी यांचा परिणाम ज्या समाजांच्या जगण्यावर होतो, त्यांच्याविषयी पुरातत्त्वज्ञांचे उत्तरदायित्व कोणते, यावर विद्वत्परिषदांत चाललेला वाद. परिषदेत कोणाला प्रवेश द्यावा, मृतांच्या अवशेषांवर कोणाचा हक्क असावा, अडचणीचा विषय टाळणे योग्य आहे का आणि विस्थापन घडवणाऱ्या प्रकल्पांत संशोधकांनी काम करावे का, हे त्यातील मुख्य प्रश्न होत. यांपैकी शेवटचा प्रश्न कोयना खोऱ्याला, विशेषतः सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याला, थेट लागू होतो.

या वादाला संस्थात्मक रूप 1986 मध्ये इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे आले. वर्णभेदी राजवटीच्या निषेधार्थ तेथील परिषदेच्या संयोजकांनी दक्षिण आफ्रिकेतील प्रतिनिधींना प्रवेश नाकारला. तेव्हा प्रागितिहासाच्या आंतरराष्ट्रीय संघाने आपली मान्यता काढून घेतली. विद्यास्वातंत्र्याचा भंग झाला, असे अनेक विद्वानांचे मत पडले. संयोजक पीटर उको यांनी मात्र परिषद भरवलीच आणि तिच्यातून वर्ल्ड आर्किऑलॉजिकल काँग्रेस ही जागतिक संस्था उभी राहिली. या संस्थेने 1989 मध्ये व्हर्मिलियन करार स्वीकारला. मृतांच्या अवशेषांचा आणि त्यांच्याविषयी स्थानिक समाजाच्या इच्छेचा आदर राखावा, त्याचबरोबर अवशेषांचे शास्त्रीय मूल्यही मानावे, असे हा करार सांगतो. पुढच्याच वर्षी व्हेनेझुएलात आदिवासी समाजांप्रती असलेल्या कर्तव्यांची आचारसंहिता संमत झाली.

भारतात याच संस्थेची परिषद डिसेंबर 1994 मध्ये नवी दिल्लीत भरली. अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेली त्याला तेव्हा दोन वर्षे होत होती. अयोध्येवर चर्चा होऊ नये, अशी भूमिका घेतली गेली. तिच्यावर कडाडून टीका झाली आणि समारोपाच्या सत्रात गोंधळ माजला. अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या संस्थेने यजमान देशातील सर्वांत ज्वलंत प्रश्न बाजूला ठेवला, हा तिच्या इतिहासातील मोठा दोष होय. सांस्कृतिक वास्तूंचा विध्वंस आणि पुनर्बांधणी या विषयावर तिने 1998 मध्ये क्रोएशियातील ब्राच बेटावर स्वतंत्र बैठक घेतली.

धरणांच्या बाबतीत हा वाद अधिक मूलभूत झाला. बुडणाऱ्या क्षेत्रात पाणी चढण्याआधी जे मिळेल ते खणून नोंदवायचे, ही बचाव उत्खननाची रीत. आंध्रमधील नागार्जुनकोंडा येथे 1954 ते 1960 या काळात असे मोठे काम झाले आणि तेथील बौद्ध अवशेष उंच जागी हलवण्यात आले. ते दीर्घकाळ निखळ यश मानले गेले. सुदानमधील मेरोवे धरणाने मात्र दुसरी बाजू उघड केली. नाईलकाठच्या मनासिर समाजाला जलाशयाच्या काठीच वसायचे होते, तर सरकार त्यांना दूर वाळवंटात नेऊ पाहत होते. पुरातत्त्वज्ञांचे काम म्हणजे धरणाला मिळालेली संमतीच, असे मानून मनासिरांनी त्यांना आपल्या भूमीतून जायला सांगितले. 2011 मध्ये कॉर्नेलिया क्लाइनित्स आणि क्लाउडिया नेझर या संशोधिकांनी या प्रकल्पातील राजकीय व नैतिक गुंत्याची कठोर छाननी केली. त्याआधीच मेधा पाटकर सदस्य असलेल्या जागतिक धरण आयोगासाठी 2000 मध्ये धरणे आणि सांस्कृतिक वारसा यांवर अभ्यास झाला होता.

पाटण तालुक्यात कोयनानगर येथील धरण 1964 मध्ये पूर्ण झाले. त्याचा शिवसागर जलाशय उत्तरेकडे जावळी तालुक्यापर्यंत पसरला. खोऱ्यातील कुटुंबे सातारा, सांगली, सोलापूर आणि कोकणातील जिल्ह्यांत पांगली. राज्याचा पुनर्वसन कायदा आला 1976 मध्ये, म्हणजे कोयनेची माणसे उठल्यानंतर. जमिनीचे त्यांचे दावे लांबतच गेले. 2018 मध्येही धरणग्रस्तांनी कोयनानगरला ठिय्या दिला. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप जलाशयामुळे उद्भवणाऱ्या भूकंपाचे ठळक उदाहरण म्हणून जगभरच्या भूशास्त्रात पोचला. विस्थापितांच्या स्मृतीला आणि वस्तुरूप वारशाला तसे स्थान मिळालेले नाही.

हा वारसा केवळ राजवाड्यांचा किंवा लेण्यांचा नाही. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने पाटणमार्गे कऱ्हाडला जाणारी वाट, दातेगड आणि वासोट्यासारखे किल्ले, त्याचप्रमाणे ग्रामदैवतांची ठाणी, वीरगळ, घरांचे चौथरे आणि शेतांचे बांध हे सर्व त्यात येते. जलाशयाकाठचे रान 1985 मध्ये कोयना अभयारण्य झाले. पश्चिम घाटातील निवडक स्थळांत त्याचा समावेश करून युनेस्कोने 2012 मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. हा दर्जा नैसर्गिक निकषांवर दिलेला आहे. माणसांच्या वस्तीचा इतिहास त्या निकषांत मोजला जात नाही. मेरोवेनंतर मांडल्या गेलेल्या भूमिकेनुसार अशा खोऱ्याचा अभ्यास करताना विस्थापितांना केवळ माहिती देणारे न समजता संशोधनाचे प्रश्न ठरवण्यात सहभागी करून घ्यावे लागते, आणि नकार देण्याचा त्यांचा अधिकारही मान्य करावा लागतो.