दरवाजे बंद न होणारे नगर

१/ बाळकुमहून ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहापाशी गेलात, तर त्या भिंती मुळात एका किल्ल्याच्या आहेत हे ध्यानात घ्या. पोर्तुगीजांनी आरंभलेला हा किल्ला १७३७ साली मराठ्यांनी जिंकला. जाड तट आणि रात्री बंद होणारे दरवाजे, ही जुन्या जगात सुरक्षित नगराची खूण होती.

२/ ख्रिस्ती परंपरेतील स्वर्गीय नगरालाही तट आहे, बारा दरवाजे आहेत. मात्र ते कधीच बंद होत नाहीत. मग तट कशासाठी? हे कोडे उलगडण्यासाठी हा धागा.

३/ हे वर्णन बायबलच्या 'प्रकटीकरण' या शेवटच्या ग्रंथात येते. पहिल्या शतकाच्या अखेरीस पात्मोस बेटावर योहानाला हे दर्शन घडले, असे परंपरा मानते. त्यापूर्वी, इ.स. ७० मध्ये, रोमन सैन्याने यरुशलेम जिंकून तेथील मंदिर उद्ध्वस्त केले होते. 'नव्या यरुशलेमा'मागे ही राख आहे.

४/ आता आकडे पाहू. दर दिशेला तीन, असे १२ दरवाजे. त्यांवर इस्राएलच्या १२ वंशांची नावे. तटाला १२ पाये. त्यांवर १२ प्रेषितांची नावे. तटाचे माप १४४ हात, म्हणजे १२ × १२. जुना आणि नवा करार एकाच वास्तूत सांधले गेले आहेत.

५/ नगराची लांबी, रुंदी व उंची समान : प्रत्येकी १२,००० स्तादिया, सुमारे २,२०० किलोमीटर. हा नकाशा नव्हे, संकेत आहे. शलमोनाच्या मंदिराचा गाभाराही असाच घनाकार होता, २० हातांचा. पुढील काळात तेथे महायाजक वर्षातून एकदाच प्रवेश करी.

६/ अर्थ स्पष्ट आहे : अवघे नगरच गाभारा झाले. म्हणूनच योहान सांगतो की या नगरात मंदिर नाही. महायाजकाच्या उरपट्टीवर बारा रत्ने असत. येथे बारा रत्ने पायांत जडवलेली आहेत. एकाच्या छातीवरचे वैभव सर्वांच्या पायाखाली आले.

७/ दरवाजांचे उत्तरही येथेच सापडते. या नगरात रात्रच नाही, म्हणून ते मिटण्याची वेळ येत नाही. तट येथे भयाचा नाही, व्यवस्थेचा आहे.

८/ हा स्वर्ग मराठीत कसा आला? १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द येतो. विष्णूच्या धामाचे नाव ख्रिस्ताच्या कथेत सामावले.

९/ याची दुसरी बाजू विसरू नये. त्याच पोर्तुगीज राजवटीने गोव्यात देवळे पाडली, जुन्या पोथ्यांवर बंदी आणली. ज्यांची पुराणे हिरावली गेली, त्यांच्यासाठीच हे नवे पुराण रचले गेले. सत्तेने दार लावले. भाषेने मात्र एक दार उघडे ठेवले.

१०/ पुढच्या वेळी कारागृहाच्या तटावरून मासुंदा तलावाजवळच्या जुन्या सेंट जॉन चर्चकडे जाल, तेव्हा ही दोन्ही नगरे आठवा : एक माणसांनी बांधलेले, दुसरे माणसांनी कल्पिलेले. कोणत्या नगराचे दरवाजे कोणासाठी उघडे होते, हा प्रश्न इतिहासाला विचारत राहा.